मुखडा तिसऱ्यांदा येतो तेव्हा

पहाटे 4.40

गजर पाचचा लावला होता, पण शूटिंगच्या दिवशी मला त्याच्या आधीच जाग येते. वाईतल्या लॉजची खोली, बाहेर जानेवारीची थंडी, खाली अंगणात कुणीतरी सामानाची गाडी गरम करत होतं. दिवा न लावता कानात हेडफोन घातले आणि गाणं तीनदा ऐकलं. चार मिनिटं बारा सेकंद. गेल्या दोन महिन्यांत ते किती वेळा ऐकलं याचा हिशेब नाही. आजपासून ते नुसतं ऐकायचं गाणं राहणार नाही, बघायचं होणार.

मग वही उघडली. वहीत गाण्याची एक आडवी रेघ आहे. मुखडा, पहिला अंतरा, पुन्हा मुखडा, मधलं म्युझिक, दुसरा अंतरा, शेवटी परत मुखडा. गोष्ट या रेघेखाली लिहायची असते. आमची गोष्ट अशी: लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवणारा मुलगा आणि रोज घाटावर येणारी मुलगी. मुखड्यात ती त्याला सांगते की थांबू नकोस, पुन्हा एकदा वाजव. पुढे तिचं लग्न दुसरीकडे ठरतं आणि वरातीला बँड येतो तो याचाच.

गोष्ट जुनी आहे, हे मला ठाऊक आहे. चार मिनिटांत माणसं, नाती, गाव, घर सगळं नव्याने उभं करायला वेळ नसतो. ओळखीची गोष्ट घ्यायची आणि तिच्यातली एक जागा आपली करायची. माझी जागा म्हणजे शेवटचा मुखडा. शब्द तेच, चाल तीच, आवाजही तोच. तरी तिसऱ्या वेळी ते शब्द वेगळे ऐकू आले पाहिजेत. तसं झालं नाही, तर एकीकडे गाणं चालू आहे आणि एकीकडे चित्रं सरकताहेत, एवढंच उरतं.

हे मी आजोळी शिकले. रामाच्या नवरात्रात देवळात कीर्तन असायचं. बुवा पूर्वरंगाला एक अभंग घेत, त्याचं निरूपण करत. मग नामाचा गजर, बुक्का, हार, आणि उत्तररंगात आख्यान. आख्यान संपत आलं की बुवा हळूच परत त्या मूळ चरणावर येत. तासाभरापूर्वी जो चरण नुसता कानावरून गेला होता, तो आता आजीला पदर डोळ्यांना लावायला लावायचा. चरणातला एक शब्द बदललेला नसायचा. मध्ये गोष्ट घडून गेलेली असायची.

सकाळी 6.10

मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे कृष्णेवर चंद्रकोरीसारखा वळलेला घाट. पाण्यावर धुकं इतकं दाट होतं की पलीकडचा काठ दिसत नव्हता. डीओपी पायरीवर उकिडवा बसून ते धुकं किती वेळ टिकेल याचा अंदाज घेत होता. स्पॉटदादाने चहाचे कागदी कप फिरवले. कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडला, आणि आमच्या मेकअपताईने नेहमीप्रमाणे पहिला तुकडा नदीला दिला.

या घाटाने कॅमेरे पुष्कळ पाहिले आहेत. 'स्वदेस' (2004) इथे झाला, त्याच्या आधी आणि नंतरही कितीतरी. इथे येणारा प्रत्येक जण घंटेचा शॉट मागतो. ती घंटा आहेच तशी. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्या विजयानंतर पोर्तुगीजांच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांना आल्या, त्यांतली ही एक. माझा असिस्टंट पंचवीस वर्षांचा आहे, उत्साही आहे. त्याने विचारलं, "ताई, ओपनिंगला घंटा घेऊ या ना, काय दिसेल!"

मी नको म्हटलं. आपल्या पडद्यावर घंटा वाजली की बघणारा समजतो, देवाकडे गाऱ्हाणं गेलं. आता काहीतरी होणार. आमच्या गोष्टीत देवाकडे कोणी काही मागत नाही. जी वस्तू दाखवली तिने पुढे काम केलं पाहिजे, नाहीतर बघणारा तिची वाट बघत राहतो आणि खरी वस्तू त्याच्या नजरेतून निसटते.

खरी वस्तू माझ्या पिशवीत होती. लाल रेशमी धाग्याचा एक गोंडा. पहिल्या अंतऱ्यात ती तो त्याच्या क्लॅरनेटला बांधते. अशी एक खूण लागतेच. दुष्यंताने शकुंतलेला अंगठी दिली तेव्हापासून ती लागते आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये 'शाकुंतल' मराठी रंगभूमीवर आणलं, तेव्हा ती अंगठी मराठीत गायला लागली. माणूस बदलतो, विसरतो, दूर जातो. वस्तू तशीच राहते आणि साक्ष देते.

सकाळी 7.15

पहिला शॉट गाण्याचा नव्हताच. गाणं सुरू होण्याआधी तीस-पस्तीस सेकंदांचा एक छोटा प्रवेश आहे. तो पायरीवर बसून क्लॅरनेट पुसतो आहे, ती कळशी ठेवून उभी आहे. ती विचारते, "आज तालीम नाही?" तो म्हणतो, "झाली." ती म्हणते, "मला नाही ऐकू आली." बस्स. मग तो क्लॅरनेट ओठांना लावतो आणि गाणं सुरू होतं.

निर्मात्यांना हा प्रवेश नको होता. पहिल्या पाच सेकंदांत सूर आला नाही तर लोक पुढे सरकतात, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. तरी मी अडून बसले. गाण्याआधीचं बोलणं ही या प्रकारातली जुनी आणि फार उपयोगी रीत आहे. मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ने 1983 मध्ये ती जगभर नेली. सिनेमा दिग्दर्शक जॉन लँडिसकडून जवळजवळ चौदा मिनिटांचा चित्रपटच करून घेतला होता. त्यात आधी बोलणं आहे, सिनेमाच्या आत सिनेमा आहे, गाणं मध्येच थांबतं, भुतं येतात, पुन्हा नाच सुरू होतो, मग ते सगळं स्वप्न होतं असं कळतं, आणि अगदी शेवटी तो वळून बघतो तेव्हा त्याचे डोळे माणसाचे नसतात. स्वप्नातून जाग आणि जागेपणी पुन्हा धक्का, ही जोडी पुढे किती गाण्यांनी उचलली याला गणती नाही. मला त्यातून लागली ती एकच गोष्ट: गोष्टीला गरज असेल तर गाण्याने थांबावं.

आपल्याकडे उलट झालं होतं. संगीत नाटकात पद आलं की गोष्ट थांबायची. प्रेक्षक वन्समोअर द्यायचे आणि पात्र त्याच जागी, त्याच भावात, तेच पद पुन्हा गायचं. लोक त्यात तल्लीन व्हायचे. आमच्या या गाण्यात 'पुन्हा एकदा' हे शब्दच मुखड्यात आहेत, म्हणून तो वन्समोअर सारखा माझ्या मनात घोळतो आहे.

चौथा टेक ओके झाला. 'मला नाही ऐकू आली' म्हणताना तिने क्लॅरनेटकडे न बघता पाण्याकडे बघितलं. ते तिचं तिलाच सुचलं होतं.

सकाळी 9.00

पोहे. धुकं उतरलं. डीओपी म्हणाला, पाऊण तासात ऊन कडक होईल, वाड्याच्या सावलीतले शॉट आधी उरकू.

सकाळी 9.40

पहिला मुखडा. तिच्या ओठांवर गाणं आहे आणि चाल मंद करायची आहे. ओढणी, पाणी, केस सगळं सावकाश हलेल, पण ओठ मात्र गाण्याबरोबर हलतील. त्यासाठी गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, कॅमेरा सेकंदाला 50 फ्रेम टिपणार, आणि आम्ही ते 25 च्या हिशेबाने दाखवणार. म्हणजे तिने दुप्पट घाईने गायचं आणि चेहऱ्यावर घाई दिसू द्यायची नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला सेटवर हसू येतं, कारण स्पीकरमधून गाणं चिमणीसारखं किलबिलत धावत असतं. नायिकेला त्याचं हसू येऊन चालत नाही. ती त्या किलबिलाटात डोळे मिटून उभी राहिली आणि जीव ओतून गायली.

मॉनिटरवर मात्र ओठ मागे पडत होते. तीन टेक झाले, तिन्हींत तेच. तिची चूक आहे असं सगळ्यांना वाटलं आणि तिचा चेहरा उतरला. मग लक्षात आलं, आपण स्पीकर कॅमेऱ्याशेजारी ठेवला आहे आणि ती घाटाच्या दुसऱ्या टोकाला, तीस-पस्तीस मीटरवर उभी आहे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. तिच्यापर्यंत पोचायला त्याला सेकंदाचा दहावा भाग लागत होता. 50 च्या वेगाने टिपताना तेवढ्यात पाच फ्रेम निघून जातात, आणि पडद्यावर त्या पाच फ्रेम म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. एवढ्या फरकाने ओठ खोटे वाटायला लागतात. छोटा स्पीकर तिच्या पायाशी, पायरीआड लपवला, क्लॅपही तिच्याजवळच दिला. पुढचा टेक ओठाला ओठ बसला. मी जाऊन तिला सांगितलं की चूक आमची होती. हे सांगायलाच हवं असतं; दिवसाच्या सुरुवातीला नटाचा विश्वास गेला तर संध्याकाळी तो सापडत नाही.

गाणं कोण गातं, हा या प्रकारातला मोठा प्रश्न आहे आणि त्यावर घाईने उत्तर दिलं जातं. कधी गायक स्वतःच गोष्टीतलं पात्र होतो. कधी तो बाजूला उभा राहून सूत्रधारासारखा गातो आणि गोष्ट मागे चालते. कधी आवाज एकाचा आणि आयुष्य दुसऱ्याचं असतं. 'मन के मंजीरे'त शुभा मुद्गल यांचा आवाज आहे आणि पडद्यावर मीता वशिष्ठ ट्रक चालवते आहे. घर सोडून निघालेल्या बाईला तो आवाज मिळाला आणि दोघी मिळून एक झाल्या. आमच्या गाण्यात मी तिन्ही मुखड्यांना वेगळा मालक दिला आहे. पहिला मुखडा तिच्या ओठांवर. दुसऱ्यात कोणाचेच ओठ हलत नाहीत, ती घरात चूल पेटवते आहे आणि आवाज तिच्या आतून येतो. तिसरा मुखडा तिचा राहतच नाही.

दुपारी 12.15

क्लॅरनेट. यासाठी आम्ही वाईजवळच्या एका गावातल्या बँडमधल्या काकांना बोलावलं आहे. साठीच्या पुढचे. चाळीस लग्नसराया वाजवल्या आहेत म्हणाले. वाद्य त्यांचंच, नटाला दिलं आहे. चित्रीकरणात वाद्याचा आवाज यायला नको म्हणून रीड काढून ठेवली होती. ती त्यांनी एका चपट्या डबीत घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

नट मनापासून शिकला होता. काकांनी त्याला पंधरा दिवस बोटं बसवून दिली होती. खालचे सूर त्याला नीट जमत. वर जाताना मागच्या बाजूची चावी डाव्या अंगठ्याने दाबावी लागते, पुढची बोटं बऱ्याचदा तीच राहतात. म्हणजे बघणाऱ्याला वाटतं की काही बदललं नाही, पण सूर केवढा तरी वर गेलेला असतो. काकांनी हे मला दाखवलं तेव्हा मी थोडा वेळ गप्पच झाले. बोटं तीच, आणि मागे कुठेतरी एक अंगठा हलला. मुखड्याबद्दल मला इतके दिवस जे म्हणायचं होतं, ते त्यांनी एका चावीवर दाखवलं.

पण क्लोजअप मंद चालीत हवा होता, म्हणजे बोटं दुप्पट वेगाने. तिथे नटाचं जमेना. बोटं अडखळली, एक चावी सुटली, मग सगळंच सुटलं. सात टेक गेले. शेवटी डीओपी म्हणाला, काकांचेच हात घेऊ. असं नेहमी करतात, चेहरा एकाचा आणि हात दुसऱ्याचे. काकांनी नटाचा लाल कोट चढवला, सोनेरी झालरीच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या आणि पहिल्याच टेकला बोटं पाण्यासारखी वाहिली.

मॉनिटरवर सगळे बघत होतो. बोटं बरोबर होती, हात बरोबर नव्हते. सांध्यांवर गाठी, नखांवर उभ्या रेघा, हाताच्या पाठीवर शिरा. वीस वर्षांच्या मुलाचे हात म्हणून ते चालणार नव्हते. असिस्टंट म्हणाला, "ताई, हे डिलीट करू?" मी म्हटलं, "नको. ठेव."

का ठेव म्हटलं, ते तेव्हा मलाही धड सांगता आलं नसतं. नटाचा शॉट आम्ही साध्या वेगात, दुरून घेतला आणि पुढे गेलो.

दुपारी 2.00

झुणका, भाकरी, ठेचा, ताक. गावातल्या बायकांनी करून दिलं होतं. मी निम्मं जेवले असेन तोच निर्मात्यांचा फोन. ते चांगले गृहस्थ आहेत, स्वतःच्या खिशातले पैसे घालून मराठी गाणी काढतात, त्यामुळे त्यांचा शब्द मी हलका धरत नाही.

"ताई, शेवट मला हलवत नाही. असं करू, वरात जाते, मग आपण दाखवू, भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो. लोक रडले पाहिजेत."

हार घातलेला फोटो. दीड सेकंदात कळतं की माणूस गेला. हॉस्पिटलची खाट, सलाइनची नळी, रस्त्यावर पडलेली चप्पल, पावसात भिजलेलं पत्र, सगळी त्याच घरातली मंडळी. मी त्यांना हसत नाही. गाण्याच्या व्हिडिओत समजावून सांगायला जागा नसते, म्हणून लोकांना आधीच वाचता येतात अशा खुणा लागतात. मंगळसूत्र दिसलं की लग्न झालं. कोपऱ्यात बॅग भरून ठेवली की कोणीतरी चाललं. रंग पिवळसर झाले की आठवण, निळसर झाले की आज. 1995 च्या 'मेड इन इंडिया'त अलिशा चिनॉय राणी होऊन बसते, एकेक स्थळ येतं, नाकारलं जातं, आणि शेवटी मिलिंद सोमण. एक शब्द समजवावा लागत नाही, कारण स्वयंवर आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. ती परंपराच कथेचं निम्मं काम करून देते.

पण खूण गोष्ट पुढे नेण्यासाठी असते. हाराचा फोटो आमची गोष्ट तोडून टाकणार. तो मेला की 'पुन्हा एकदा वाजव' या शब्दांना अर्थच राहत नाही. फक्त हळहळ राहते, आणि हळहळीला मुखड्याची गरज नसते, कुठलंही संथ गाणं पुरतं. अलीकडे दुसराही मार्ग आहे: शेवट लोंबकळत ठेवायचा आणि गाण्याचा पुढचा भाग काढायचा. 2019 च्या 'फिलहाल'चा पुढचा भाग 2021 मध्ये आला आणि तोही लोकांनी भरभरून बघितला. मालिकेसारखं गाणं. मला ते जमणार नाही, माझी गोष्ट तेवढी लांब नाही.

मी म्हटलं, "साहेब, मला रात्रीपर्यंत वेळ द्या. कट बघा आणि मग सांगा. फोटो हवाच असेल तर तो कधीही घेता येईल, भिंत कुठेही मिळते." ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "रात्री पाठवा."

भाकरी गार झाली होती. काका शेजारी बसून ताक पीत होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. मी विचारलं, "काका, तुमच्या ओळखीच्या कोणाच्या लग्नात वाजवलंत का कधी? म्हणजे... अशा ओळखीच्या."

ते लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, लग्नात बँडवाल्याकडं कोण बघत न्हाई. समदी नवऱ्याकडं बघत्यात. आपण खाली मान घालून वाजवायचं. कुणाचं लगीन हाय, ते वाजवताना ध्यानात ठेवायचं नसतंय."

दुपारी 3.45

मांडव. गावातल्या एका घरापुढचं अंगण, आंब्याचे टाळे, झेंडूच्या माळा. दुसऱ्या अंतऱ्याचे शॉट भराभर झाले: हळद, चुडा, मुंडावळ्या, अक्षता. प्रत्येक शॉट दोन-अडीच सेकंदांचा, म्हणून इथे रेंगाळले नाही. एवढंच पाहिलं की तिच्या मनगटावर आता लाल धाग्याचं काही नसावं. कंटिन्युइटीवाल्या मुलीने हिरव्या चुड्यात नकळत एक लाल दोरा अडकलेला पकडला आणि काढला. असं बघणारं माणूस युनिटमध्ये असावं लागतं.

संध्याकाळी 5.25

वरात. ऊन तिरकं, सोनेरी, फार तर पाऊण तास टिकणारं. खरे बँडवाले आठ जण, त्यांत आमचा नट. गावातली तीसेक मुलं वऱ्हाडी म्हणून आली होती, त्यांना नाचायला सांगावं लागलं नाही. फुलांनी सजवलेली जीप, मागच्या सीटवर ती.

काकांचं बोलणं डोक्यात होतं. म्हणून कॅमेरा कसा लावायचा ते मी इथे बदललं. आधी ठरवलं होतं की तो तिच्याकडे बघतो, ती त्याच्याकडे बघते, नजर मिळते आणि म्युझिक चढतं. ही तर आमची ठरलेली जागा. आता त्याला सांगितलं, तू बघायचं नाहीस. मान खाली. तू वाजवतो आहेस आणि कुणाचं लग्न आहे हे तुला ध्यानात ठेवायचं नाही. बघायचं फक्त तिने. आणि तिनेही त्याच्याकडे नाही, गोंड्याकडे.

गाणं थांबतं. बँडचा एक तुकडा संपतो. नवऱ्याकडचा एक मुलगा घामाने डबडबलेला, हात वर करून ओरडतो, "ए मास्तर, पुन्हा एकदा!" बाकीचे ओरडतात, "पुन्हा एकदा! पुन्हा एकदा!" तेच शब्द. घाटावर तिने लाडाने म्हटलेले. आता तीस तोंडांतून, वऱ्हाडाच्या मजेत, ज्यांना काही ठाऊक नाही अशा माणसांकडून. तो थांबतो. क्लॅरनेट वर उचलतो. मुखडा तिसऱ्यांदा सुरू होतो.

दुसऱ्या टेकला तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. मॉनिटरमागे मेकअपताई नाक ओढत होती. मी 'कट' म्हणायला दोन सेकंद उशीर केला.

संध्याकाळी 6.20

सूर्य डोंगराआड गेला. असिस्टंटने विचारलं, "पॅकअप?" मी म्हटलं, "एक शॉट राहिलाय. काकांना कोट द्या."

दुपारपासून जे धड सांगता येत नव्हतं ते आता स्पष्ट होतं. तिसऱ्या मुखड्याच्या शेवटच्या ओळीवर त्याचा तरुण चेहरा नको. ते हात हवेत. सांध्यांवर गाठी आलेले, तेच वाजवणारे. वरातीचा गलका तसाच, कोणाची तरी दुसरी वरात. चेहरा दाखवायचाच नाही. वर्षं गेली हे तारीख लिहून सांगावं लागत नाही. तो गोंडा सांगेल.

गोंडा मात्र सकाळचा, टकटकीत लाल होता. स्पॉटदादा म्हणाला, "द्या इकडं." त्याने उरलेल्या चहात तो बुडवला, पिळला, पायरीच्या दगडावर चार वेळा घासला, पुन्हा बुडवला. पाच मिनिटांत धागा विटकरी झाला, टोकं फुटली. हॅलोजनपुढे धरून वाळवला. कोटाच्या झालरीला मेकअपताईने थोडी राख लावली. एक दिवा बाजूने, थोडा खाली. साध्या वेगात, एकच टेक, बावीस सेकंद. काकांनी मान खाली घातली आणि बोटं चालवली. मुखडा वर चढतो त्या जागी बोटं तिथेच राहिली, फक्त मागे डावा अंगठा दबला. कॅमेरा बाजूने होता म्हणून तो दिसला.

संध्याकाळी 7.10

सामान गाडीत चढत होतं. काका पायरीवर बसले होते, क्लॅरनेट मांडीवर. खिशाचं बटण काढून त्यांनी डबी उघडली, रीड ओठांत धरली. कोरडी रीड लावली तर सूर फाटतो म्हणाले, आणि तशीच ओठांत धरून बसून राहिले, दोन-तीन मिनिटं. मग लावली, पट्टी आवळली.

दिवसभर त्यांच्या वाद्यातून एक सूर निघाला नव्हता. त्यांनी मुखडा वाजवला. आमच्या गाण्यापेक्षा बराच संथ, एका ठिकाणी गाण्यात नसलेली एक छोटी वळणाची जागा घेऊन. सूर पाण्यावरून पलीकडे गेला आणि थोडा परत आला. मी फोन काढून रेकॉर्ड करत होते. लाइटमनने केबल गुंडाळायची थांबवली. कोणी वन्समोअर म्हटलं नाही.

रात्री 11.30

लॉजची खोली, लॅपटॉप, गार झालेली कॉफी. पहिले दोन मुखडे लावून झाले, वरातही बसली. शेवटच्या ओळीवर काकांचे हात ठेवले. छान दिसत होतं, पण खाली स्टुडिओतलं क्लॅरनेट होतं, स्वच्छ, तरुण, श्वास न घेणारं. त्या हातांमधून ते येत नव्हतं.

फोनवरचं रेकॉर्डिंग उतरवून घेतलं. संथ होतं, गाण्याच्या ठेक्यात बसणार नव्हतं. म्हणून ठेकाच काढला. वऱ्हाडाचा गलका हळूहळू मिटवला, ढोल मिटवला, गायिकेचा आवाज ओळीच्या मध्यावर सोडून दिला, आणि शेवटचे नऊ सेकंद फक्त काका. सूर सुरू होण्याआधी त्यांनी छातीत घेतलेला श्वास ऐकू येतो. असिस्टंट म्हणाला, "ताई, तो श्वास कापू?" मी तो अर्धा सेकंद आणखी आधीपासून घेतला.

मग फाइल निर्मात्यांना पाठवली आणि बत्ती घालवली. एक वाजून दहा मिनिटांनी त्यांचा मेसेज आला. विचारलं होतं, हे हात कोणाचे.